बंशीदांच्या नावाने छापलेला कागद

बंगाली वैशाखाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे इथल्या नववर्षाला, कलकत्त्याच्या मैदानावर गोलपोस्टच्या आडव्या दांडीची पूजा होते. बारपूजा म्हणतात तिला. धुतलेली, नवा पांढरा रंग दिलेली दांडी दोन विटांवर ठेवतात, शेंदूर लावतात, झेंडूचा हार घालतात. भटजी मंत्र भराभर उरकतो, कारण त्याला पुढच्या क्लबकडे जायचं असतं. मग खेळाडू ती दांडी उचलून दोन खांबांवर चढवतात आणि फुटबॉलचं वर्ष सुरू होतं. त्याच्या काही आठवडे आधी दक्षिण कलकत्त्यातल्या बेहाल्यात आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आईने गुढी उभारलेली असते आणि खालच्या मजल्यावरच्या काकीमा दरवर्षी न चुकता विचारतात, "हे कसलं निशाण गो तुमचं?" आमची काठी उभी, यांची आडवी. दोन-दोन नवी वर्षं मिळणाऱ्या मुलीला वाटायला हवं तेच मला लहानपणी वाटायचं: आपण श्रीमंत आहोत.

यंदा मी बारपूजेला गेले नाही. टुटुलचा तीनदा फोन आला. टुटुल म्हणजे आमच्या क्लबच्या समर्थकांचा म्होरक्या, दिवसा औषधाच्या दुकानात आणि दुपारी तीननंतर गॅलरीत. मी त्याला तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. तब्येत उत्तम होती. तिथे एक माणूस मला हसून प्रसादाचा पेढा देणार होता, आणि तो घ्यायला मला हात पुढे करता येणार नव्हता.

क्लबचं नाव लिहीत नाही. लाज माझी आहे, क्लबची नाही.

आमची लीग पावसाळ्यात खेळतात. बाहेरच्यांना हे वेडेपण वाटतं, पण चिखलाशिवायचं फुटबॉल मला अजूनही शाकाहारी वाटतं. दुपारचे तीन. आकाश खाली आलेलं. किल्ल्याकडच्या गवतात बगळे, त्यांच्यामागे चरणाऱ्या बकऱ्या, आणि आमच्या हिरव्या रंगाच्या लाकडी तंबूत गरम केलेल्या मोहरीच्या तेलाचा, लसणीचा, ओल्या कातड्याचा वास. त्याला तंबू म्हणतात, पण ते चांगलं पत्र्याच्या छपराचं घर आहे. खिडक्यांना दांड्या लावून मोजे वाळत घातलेले, बूट उलटे करून बांबूच्या खुंट्यांवर टोचलेले. कँटीनमध्ये पपई घातलेला पातळ स्ट्यू आणि जाड पावाचे टोस्ट. गॅलरीत आम्ही तीस-चाळीस जण, एकमेकांपासून लांब लांब बसलेले, म्हणजे संख्या जास्त वाटते.

आणि बंशीदा. मैदानावरच्या क्लबांमध्ये माळी म्हणजे फुलझाडंवाला नव्हे. गवत कापणारा, चुन्याने रेषा आखणारा, जाळी बांधणारा, बूट धुणारा, चेंडूत हवा भरणारा, सकाळी चहा करणारा आणि तंबूतच झोपणारा, असा एकच माणूस. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं ओडिशातून येतात. बंशीदा विशीत आले ते काकांच्या जागी. अठ्ठावीस मोसम झाले. पावसाने रेषा वाहून जायची, मध्यंतरात ते बादली घेऊन पुन्हा निघायचे, कमरेत वाकलेले, पावलापुढे पाऊल, आणि दोरी न लावता रेषा सरळ यायची. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, कशी येते. म्हणाले, "खाली नाही बघायचं. पोचायचं आहे तिकडे बघायचं."

ते वाक्य मी पुढे दोन पत्रकांत वापरलं. तेव्हाही त्यांना विचारलं नव्हतं.

पत्रकं लिहिणं हे माझं शिक्षण आहे. कॉलेजात फीवाढीविरुद्ध लिहिली, मग तलाव बुजवण्याविरुद्ध, मग फेरीवाल्यांना उठवण्याविरुद्ध. बंगालीत लिहिते, मराठी घरातली. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत माणूस, शेवटी मागणी. मधलं सगळं तोंडात बसेल असं हवं. आम्हाला शिकवणारा सीनियर म्हणायचा, मुद्द्याला चेहरा द्या, मुद्दा कुणी वाचत नाही. आम्ही चेहरे द्यायला शिकलो. आधी वाक्य तयार व्हायचं, मग त्या वाक्याला शोभणारं तोंड शोधायचं. यात काही गैर आहे असं मला गेल्या वर्षीपर्यंत कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

गेल्या मोसमाआधी लीगचा कागद आला. शहरात क्लब फार झाले. एवढ्याशा मैदानावर एवढे तंबू, दोन बड्या क्लबांकडे सगळी गर्दी, बाकीच्यांच्या सामन्यांना चिटपाखरू नाही. म्हणून तीन छोट्या टीम शहराबाहेर हलवायच्या. नाव तेच, जर्सी तीच, पण घरचं मैदान जिल्ह्यात. खेळाडूंची राहायची सोय तिकडे, माळी, सामान, सगळं तिकडे. आमच्या नावापुढे लिहिलं होतं, दांतन. ओडिशाच्या सीमेलगतचं गाव, खडगपूरच्याही पुढे.

मी पेटले. खोटं कशाला बोलू, मला पेटायला आवडतं. बंद खोलीत बसलेली चार माणसं नकाशावर बोट ठेवतात आणि इथली टीम उचलून तिथे, जसं काही फर्निचर. घरी जेवताना मी हे सगळं ऐकवलं. बाबा डाळीत भात कालवत राहिले. ते या क्लबचे माझ्याआधीचे समर्थक, पण जेवताना मतप्रदर्शन करत नाहीत. आई मात्र म्हणाली, "आपण इथले कधीपासून गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या आजोबांची बदली झाली साताऱ्याहून. कंपनीने कागद दिला, ते ट्रंक घेऊन आले. उपटलेच की त्यांना. मग इथे रुजलोच ना आपण? तू तर मासे निवडतेस काकीमांपेक्षा चांगले."

"ते वेगळं, आई."

"असेल. वाढू का अजून?"

मी ते वेगळं आहे एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठून लिहायला बसले. ते कसं वेगळं आहे, याचा विचार करायला मला पुरा एक मोसम लागला, आणि उत्तर मला आवडलेलं नाही.

पत्रकाचा मथळा होता, 'टीम म्हणजे बिऱ्हाड नव्हे'. बंगालीत तो जास्त चांगला वाजतो. पहिल्या पानावर लीगची कानउघाडणी. दुसऱ्यावर दांतनबद्दल दोन ओळी: तिथे फुटबॉल कोण बघणार, शेतातली बुजगावणी टाळ्या वाजवणार का. ही ओळ छपाईच्या वेळी सगळ्यांना फार आवडली होती. मी दांतन पाहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नव्हतं. आणि मधोमध बंशीदांचा फोटो, हातात चुन्याची बादली, अंगात धुतलेला शर्ट. त्याखाली त्यांच्या तोंडी माझा मजकूर: 'अठ्ठावीस वर्षं या मातीला पाणी घातलं. मी परका होतो, या मैदानाने मला आपला केला. आता या वयात मला इथून उपटू नका. मला इथेच राहू द्या.' खाली जागा सोडली होती, सहीसाठी.

ती सही मी तंबूत घेतली. संध्याकाळचा सराव संपलेला, वीसेक समर्थक जमलेले, बंशीदा स्टोव्हपाशी. त्या सगळ्यांसाठीच ते चहा करत होते. मी बाकावर उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं. मला वाचता चांगलं येतं. कुठे थांबायचं ते कळतं. 'मला इथेच राहू द्या' म्हटल्यावर कुणीतरी नाक ओढलं. बंशीदा खाली बघत होते. मग गमछाने डोळे पुसले. टुटुल कुजबुजला, "बघ, रडवलंस म्हाताऱ्याला." मी पेन पुढे केलं. त्यांनी हात गमछाला पुसले, पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, आणि ओडिया अक्षरात नाव लिहिलं. म्हणाले, "छान लिहिलंस, दीदी." आणि चहा गाळायला वळले.

वीस माणसं. प्रत्येकाच्या हातात त्यांनीच दिलेला कप. कोण म्हणेल नाही?

हा प्रश्न मी तेव्हा का विचारला नाही हे मी स्वतःला सभ्य शब्दांत सांगू शकत नाही. मला वाटलं, माणूस भारावला. मला तर नेहमीच वाटतं की लोक भारावले आहेत.

लीगच्या ऑफिसात सुनावणी झाली. तिथल्या एका साहेबांनी प्रामाणिकपणे विचारलं, तुमच्या कर्मचाऱ्यांचं काय म्हणणं आहे. मी बंशीदांचा कागद काढून वाचला. थांबायच्या जागी थांबले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंधरा दिवसांनी आमचं नाव यादीतून निघालं आणि दांतनच्या वाट्याला डमडमचा एक क्लब गेला. टुटुलने नोलेन गुळाची, म्हणजे थंडीतल्या खजुरी गुळाची, संदेश ही मिठाई आणली, मोसम नसताना कुठून मिळवली देव जाणे. मी बंशीदांना शोधत मागे गेले. ते जाळी शिवत बसले होते.

"बंशीदा, वाचलो आपण."

"बरं झालं." मग सुई दातात धरून विचारलं, "मग दांतनला कोण जाणार?"

"डमडमवाले."

"त्यांचा माळी तर कटकच्याही पलीकडचा." जाळीची गाठ ओढली. "त्याला दांतनचा काय उपयोग."

हे ते मला म्हणाले. स्पष्ट, बंगालीत, दोन हातांच्या अंतरावरून. मी मोबाइलवर विजयाचे फोटो पाठवत होते.

त्या मोसमाच्या मी खूप आठवणी ठेवल्या आहेत, म्हणजे तेव्हा ठेवल्या होत्या, जिंकलेल्या मोसमाच्या म्हणून. गोलच्या तोंडाशी तळं झालेलं, त्यात टाकलेला लाकडाचा भुसा, भुशावरून घसरत गेलेला आमचा बचावातला स्टॉपर. घोड्यावरचा पोलीस छत्री नसल्यामुळे आमच्या गॅलरीखाली येऊन थांबायचा, आणि घोडा कानावरचं पाणी झटकायचा. छपरावर पाऊस एवढा वाजायचा की पंचाची शिट्टी नुसती दिसायची. आणि मध्यंतरात ती वाकलेल्या पाठीची कमान, हळूहळू कोपऱ्याच्या झेंड्याकडे सरकणारी. मी वरून हाक मारायचे. ते हात वर करायचे. आता त्या सगळ्या चित्रांत मी एका कैद्याला हात हलवून दाखवते आहे.

श्रावणाच्या मध्यावर आमचा सामना दांतनला होता, डमडमच्या त्या क्लबाविरुद्ध. समर्थक आठच निघालो, म्हणून टीमच्याच बसमध्ये मागे बसलो. माझ्या मनात होतं, ओस मैदान बघायचं, फोटो काढायचा, पुढच्या पत्रकाला होईल.

मैदान शाळेच्या मागे होतं, एका बाजूला तलाव. तलावाच्या बांधावर माणसं, पंपघराच्या छपरावर माणसं, सायकली उभ्या करून कॅरियरवर बसलेली माणसं. बायका छत्र्या घेऊन एका रांगेत, घरून चटया आणलेल्या. एक आजी पोरांना सारखी सांगत होती, रेषेच्या मागे, मागे. आमच्या गोलकीपरने एक चेंडू अंगावर घेतला तर त्यालाही टाळ्या. कलकत्त्यात तो चार वर्षं खेळतोय, त्याने टाळ्यांचा आवाज ऐकून क्षणभर मागे वळून बघितलं, कुणासाठी आहेत ते. डमडमचे खेळाडू, ज्यांना त्यांच्या शहरात चाळीस माणसं ओळखत नव्हती, त्यांची नावं इथे छपरावरून हाकारली जात होती.

टुटुल माझ्या कानाशी म्हणाला, "बुजगावणी बरीच आहेत गो."

मी हसले नाही. तोही हसत नव्हता.

सामना संपल्यावर मी बसकडे निघाले तेव्हा बंशीदा शाळेच्या पायरीवर बसलेले दिसले. शेजारी एक बाई, हिरव्या काठाची सुती साडी, पुढ्यात पितळेचा डबा. मला बघून ते उठले. "ही तुझी बउदी." म्हणजे वहिनी. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं की त्यांना बायको आहे का. त्यांचं गाव इथून सायकलने तासाभरावर, सुवर्णरेखा नदीच्या अलीकडे. हेही त्याच पायरीवर कळलं. बउदी सकाळीच निघून आल्या होत्या, शेजाऱ्याच्या सायकलवर मागे बसून, पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाचं पक्वान्न, घेऊन.

"खा मा," त्या मला म्हणाल्या. इकडे मुलीला मा म्हणतात. "कागद तूच काढलास ना? हे सांगत होते. दीदी फार शिकलेली आहे."

त्यांनी डब्याखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी केलेलं माझं पत्रक. घड्यांवर ते झिजलं होतं. "यांचा एवढा मोठा फोटो कुणी कधी काढला नव्हता. मला बंगाली वाचता येत नाही. खाली काय लिहिलंय ते वाचून दाखव."

बंशीदा डब्याचं झाकण लावत होते. लागलेलं झाकण पुन्हा काढून पुन्हा लावलं.

मला वाचता चांगलं येतं. मी कागद हातात घेतला आणि बघत राहिले. 'मला इथून उपटू नका. मला इथेच राहू द्या.' माझीच अक्षरं, माझाच स्वल्पविराम. समोर ती बाई, जिचा नवरा वर्षातून एक महिना घरी येतो. मान किंचित पुढे काढून ती ऐकायला बसली होती, आरतीला बसतात तशी.

मी वाचलं, "हे बंशीदा. अठ्ठावीस वर्षं मैदानाची सेवा करताहेत. यांच्यासारखी सरळ रेषा कलकत्त्यात कुणी आखत नाही. क्लबला यांचा अभिमान आहे."

"एवढंच? ओळी तर पुष्कळ आहेत."

"बंगाली लांबलचक असतं," मी म्हणाले.

बंशीदांनी मान हलवली. "हो, लांबलचक असतं." माझ्या खोट्याला त्यांनी हात दिला, चिखलातून घसरणाऱ्याला देतात तसा.

बसमध्ये ते मागच्या सीटवर, चेंडूंच्या जाळीशेजारी. खडगपूर येईपर्यंत मी पुढेच बसले होते. मग त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"तुम्हाला दांतनला जायचं होतं."

ते खिडकीबाहेर बघत होते. "रोज संध्याकाळी घरी गेलो असतो," म्हणाले. "पाच-सहा वर्षं अजून काम होईल गुडघ्यांकडून. तेवढी."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"तू विचारलं नव्हतंस, दीदी. तू वाचून दाखवलंस."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. रागाचं उत्तर देणं हीच माझी विद्या आहे. मग तेच म्हणाले, "आणि एवढी माणसं. चहा उकळत होता." आणि मग, माझी समजूत घालायला की काय, "लिहिलं होतंस मात्र छान."

तेव्हापासून मी या प्रश्नावर जे वाचायला मिळेल ते वाचते आहे, टीम हलवावी की हलवू नये. मला अजूनही वाटतं की लीगचा तो कागद वाईट होता. टीम एका रात्रीत होत नाही. बाबांसारखी माणसं चाळीस वर्षं एका लाकडी फळीवर बसतात, त्या फळीला त्यांचा आकार येतो. ते कुणी आकडेमोडीत धरत नाही आणि धरलं पाहिजे, हे मी उद्याही ओरडून सांगेन. पण हेही खरं की या शहराने सगळं फुटबॉल एका चौकोनात कोंडून ठेवलं आहे आणि त्याला वारसा म्हणतं. आम्ही तीस जण लांब लांब बसायचो ते गर्दी दिसावी म्हणून. तिकडे पंपघराच्या छपरावर पाय ठेवायला जागा नव्हती. 'आमची टीम' म्हणताना मी त्या आजीचा, तिच्या चटईचा, हिशेबच केला नव्हता. तिच्या गावाला बुजगावणं म्हणून मोकळी झाले होते.

आणि आजोबांचं वेगळं कसं, ते मला एवढंच सुचतं: कंपनीने आजोबांना उचललं तेव्हा आजीला कुणी विचारलं नव्हतं. आई सांगते, आजी पहिली दोन वर्षं इथे रडली. पुढे रुजलो हे खरं, पण रुजलो म्हणून तेव्हाचं न विचारणं बरोबर ठरत नाही. लीगने न विचारता हलवायला काढलं, मी न विचारता थांबवलं. दोघांचे कागद एकाच छापखान्यातून निघावेत इतके सारखे. फरक एवढाच, की लीगने निदान बंशीदांच्या तोंडात स्वतःची वाक्यं घातली नव्हती.

मी क्लबच्या सेक्रेटरींना भेटले, लीगला पत्र लिहिलं की ते निवेदन माझं होतं, कर्मचाऱ्याचं नव्हतं. उत्तर आलं नाही. कशाला येईल. डमडमवाले दांतनला स्थिरावले आहेत, त्यांचा माळी तिथे झोपडीत राहतो आणि कटकपलीकडचं त्याचं घर त्याला पूर्वीइतकंच लांब आहे.

म्हणून यंदा बारपूजेच्या दिवशी मी घरी होते. टुटुलचा तिसरा फोन आला तेव्हा मागे शंख वाजत होता. "ये ना गो. आणि ऐक, यंदा पुन्हा यादी निघणार म्हणतात. पत्रक लागेल. बंशीदांचं तेच टाकू, मागच्या वेळी तेच चाललं होतं."

"ते बंशीदांचं नव्हतं, टुटुल. मी लिहिलं होतं."

"माहीत आहे की. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर चाललं."

फोन ठेवून मी बाल्कनीत गेले. मग परत आत आले. बउदींचा नंबर दांतनला मीच मागून घेतला होता, पूजेनंतर फोन करेन म्हणून, आणि केला नव्हता. दुर्गापूजा गेली, काली पूजा गेली, सरस्वती गेली. आज लावला. मला सांगायचं होतं, खरं काय लिहिलं होतं ते. वाक्यं तयार केली नाहीत. केली असती तर ती चांगली झाली असती.

त्यांनी लगेच ओळखलं. सीमेवरची ती ओडिया मिसळलेली बंगाली, सावकाश. काल त्यांच्याकडे नवं वर्ष होतं, पणा संक्रांती. बेलाचा गर, गूळ, खोबरं घालून पणा केला होता म्हणाल्या. "हे एकदाही प्यायले नाहीत लग्नानंतर. दुसऱ्या दिवशी तुमची ती दांडीची पूजा असते ना. रंग द्यायचा असतो आदल्या दिवशी."

मी म्हणाले, "बउदी, त्या दिवशी मी खोटं वाचलं. कागदावर ते नव्हतं."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी पुढे म्हणाले,

"कागदावर होतं की, त्यांना तिथेच राहायचंय. गावी यायचं नाही. आणि ते त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते मी लिहिलं."

"ठाऊक आहे मला," बउदी म्हणाल्या. "शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं. कागद आला त्याच आठवड्यात. मी चार दिवस जेवले नाही, मा. वाटलं, तिकडे कुणी आहे यांचं. मग हे आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, दीदीने लिहिलंय, मुलगी चांगली आहे."

मी विचारलं, "तर मला का वाचायला लावलंत?"

"बघायचं होतं, माझ्या तोंडावर तेच वाचतेस का."

मी तेच वाचलं नव्हतं. दुसरं खोटं वाचलं होतं. त्यांनी त्याचा निकाल काय लावला हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारण्याचा धीर झाला नाही.

"आणखी काही होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं. ठेवते."

पण फोन बंद झाला नाही. बटण नीट दाबलं गेलं नसावं. तो कुठेतरी ठेवला गेला, आणि मला अंगण ऐकू यायला लागलं. झाडू. कोंबड्यांना हाकलणं. विहिरीवर बादली आपटली. दुसऱ्या कुणा बाईचा आवाज जवळ येत म्हणाला, "कलकत्त्याहून होता? त्यांचा?"

"त्यांचा नाही," बउदी म्हणाल्या. "त्या कागदवाल्या पोरीचा."

"काय म्हणते?"

"काही नाही. रडत होती."

मी रडत नव्हते. हे तिथे, त्या अंगणात, कुणीतरी सांगावं असं मला वाटलं. माझ्या तोंडी कुणीतरी काहीतरी घातलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. फोन मीच बंद केला.